लाल गाडीची तपासणी

विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात मी सगळी नोकरी काढली. म्हणजे लोक दिवसभर माझ्यासमोर बसून खोटं बोलायचे आणि मी मान हलवत ऐकून घ्यायचे. उभ्या गाडीवर झाड पडलं म्हणणारे, थेंबही न पिता सरळ रस्ता सोडून शेतात गेलेले, गाडी चोरीला गेली म्हणताना तिची किल्ली बोटात फिरवणारे, सगळे बघून झाले. पावसाळा सरला की बुडालेल्या गाड्यांची रांग लागायची. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला. संशय मात्र कोणी काढून घेतला नाही, तो माझ्याबरोबर नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आला.

तर अशा बाईच्या नवऱ्यानं, न्हावा शेव्याला कंटेनरचे हिशेब ठेवण्यात उभा जन्म घालवून, साठी उलटल्यावर दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स गाडी घ्यावी, आणि तीही जुनी, याला काय म्हणावं. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. पोहे खाता खाता सांगितलं, "भाईची लाल गाडी मी घेतोय."

"दोन सीटची?" मी म्हटलं.

"आपण दोघंच तर आहोत," तो म्हणाला आणि पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं.

भाई म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. जुन्या पनवेलातल्या मराठी शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. भाईंचं घर कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात. ते बरीच वर्षं आखातात होते, परत आल्यावर त्यांनी नेऱ्याकडे थोडी जमीन घेतली. मी त्यांना भाई म्हणते, ते मला वहिनी. माझ्या नवऱ्याला ओळखी ढीगभर, पण मित्र हा एकच. ऑफिसातले लोक निवृत्तीनंतर फोनमधल्या शुभेच्छांपुरते उरले. भाऊ पुण्याला, त्याच्याशी बोलणं फक्त लग्नामुंजीत. दर रविवारी सकाळी भाई आले नाहीत तर याचा रविवार सुरूच होत नसे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात पणाला लागलं ते हेच.

गाडी मूळ भाईंची नव्हे. नेऱ्याला त्यांच्या जमिनीशेजारी मुंबईच्या एका हौशी माणसाचं फार्महाऊस होतं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तो परदेशी जायला निघाला तेव्हा भाईंनी ती त्याच्याकडून घेतली आणि थोडे दिवस कर्नाळ्यापर्यंत फिरवलीही. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. भाई एकदा बसले ते उठेनात, दोघांनी ओढून काढावं लागलं. तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "तू घे. तुला जमेल ते दे. परक्याला देणार नाही मी ही."

जमेल ते दे. इथंच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. चांगली वस्तू विकणारा माणूस भाव ओढून धरतो. जो ओढून धरत नाही त्याला ती लवकर घराबाहेर काढायची असते, हे मी इतक्या वेळा पाहिलेलं की वेगळा पुरावा नको. मी कागद बघितले. विमा चालू, करभरणा झालेला, इंजिन नंबर जुळतोय, कुठं खाडाखोड नाही. जुन्या गाडीचे इतके स्वच्छ कागद मी नोकरीत कधी पाहिले नव्हते, त्यामुळं मला आणखीच चैन पडेना.

गाडी आली आणि दोन म्हाताऱ्यांना खेळणं मिळालं. लाल रंग उडून विटकरी झालेला. टपाचं कापड एका बाजूला फाटलेलं, त्यावर भाईंनी चिकटपट्टी लावलेली. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली. बॉनेटमधून वर उघडणारे दोन हेडलाइट, त्यातला एकच उघडायचा, त्यामुळं गाडी सोसायटीतल्या बायकांना डोळा मारतेय असं वाटायचं. रविवारी सकाळी नवरा पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरायचा आणि भाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. दाराचं रबर गेलं होतं, ते रिक्षाच्या सामानाच्या दुकानातून आणून कापून बसवलं. ज्या दिवशी दुसरा हेडलाइट वर आला त्या दिवशी दोघं इतके हसले की वॉचमन काय झालं म्हणून बघायला आला. मी गॅलरीतून बघत होते. नवऱ्याला असं हसताना मी लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांनंतर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडा मत्सरही वाटला.

दसऱ्याला आमच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा असते. यंदा सगळ्यांचं लक्ष आमच्या लाल गाडीवर. टप अर्धा मागं जाऊन अडकला होता, तो दोघांना ना पुढं घेता आला ना मागं. तसाच ठेवला. मी हार घातला, स्वस्तिक काढलं, चाकापुढं नारळ फोडला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "काय नटलीय हो, नवरीच जशी. अक्षता टाका हिच्यावर." झालं. बायकांना तेवढंच पाहिजे होतं. कोणीतरी मंगलाष्टकाचा सूर लावला, मी कुंकू लावलेल्या तांदळाचं ताट फिरवलं, भाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते त्यांच्याही हातात मूठभर दिले, आणि "सावधान" म्हटलं की सगळ्यांनी गाडीवर तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या उधळायच्या, असं चार-पाच वेळा झालं. भाईंनी तर नेम धरून नवऱ्याच्या टकलावर टाकले. नंतर सीटवरचे तांदूळ मी स्वतः ब्रशनं गोळा केले. मी असली कामं अर्धवट ठेवत नाही.

दिवाळीच्या आधी नवऱ्यानं पाइप लावून गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी मी सहज दार उघडलं तर पायाखालचं मॅट ओलं आणि आत वास. बंद खोलीत ओलं गोणपाट राहिलं की येतो तसा. हा वास मी झोपेतही ओळखेन. आमच्या विभागात या वासाच्या गाड्या ओळीनं उभ्या असायच्या, आणि मालक सांगायचे, काही नाही मॅडम, जरा एसीचं पाणी गळतंय.

नदी, फार्महाऊस, घासाघीस न करता दिलेली गाडी. माझ्या डोक्यात सगळं जाऊन बसलं. ही गाडी पुरात बुडालेली होती.

नवरा दुपारी झोपला की मी टॉर्च घेऊन खाली जायला लागले. बुडालेली गाडी ओळखायच्या आमच्या रीती ठरलेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचा, कारण धुणारे वरचा पट्टा धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते. मी ओढला. पट्टा स्वच्छ निघाला. म्हणजे बदललेला असणार. डॅशबोर्डखाली हात घालून बोट फिरवलं, गाळ नाही. म्हणजे चांगल्या माणसाकडून धुऊन घेतलीय. हेडलाइटच्या काचेत आतून धुकं नाही. पण हेडलाइट तर या दोघांनी आत्ताच उघडले होते, तो पुरावा यांनीच घालवला. मग सीटखाली टॉर्च मारला आणि बोल्ट गंजलेले दिसले. मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता.

"भाई मला फसवेल?" तो म्हणाला.

"फसवणारा ओळखीचाच असतो. अनोळखी माणसाला आपण तेवढी संधी कुठं देतो?"

"अगं, एसीचं पाणी असेल."

हे तो म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. मी त्याला बोलू नये ते बोलले, की तुम्हाला आयुष्यभर कोणीही गुंडाळावं. त्यानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तू त्याला काही विचारू नकोस. मला बुडालेली गाडी चालेल." मी कबूल केलं. आणि सरळ असं मी खरोखरच काही विचारलं नाही.

सरळ विचारून कोणी कबूल होत नाही. एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे कपडे घालून पाठवायचा, ही माझी पद्धत. पुढच्या रविवारी भाईंना खाली चहा नेऊन दिला आणि म्हटलं, "नेऱ्याला गाडी उघड्यावरच असायची का हो?" ते म्हणाले, शेड होती, जोत्यावर. मग एके दिवशी त्यांच्या बायकोला, भाभींना, फोन केला. ईदच्या मसाल्याची कृती विचारली आणि जाता जाता म्हटलं, तुमच्या जमिनीत त्या मोठ्या पावसात पाणी शिरलं होतं ना? भाभी म्हणाल्या, विहिरीपर्यंत आलं होतं, खुदाची मेहेरबानी म्हणून वर चढलं नाही. दोघांचं जुळत होतं. नवराबायकोचं इतकं जुळतं तेव्हा आधी बसून ठरवलेलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

राहिला तिसरा प्रकार. तो मी एका टेम्पोवाल्यावर वापरला होता. टेम्पो खाडीत गेला आणि क्रेननं काढला, असं त्याचं म्हणणं. मी मध्येच म्हटलं, "तुम्ही मघाशी म्हणालात की क्रेन दोन आल्या होत्या." तो असं काहीच म्हणाला नव्हता. पण तो लगेच म्हणाला, हो मॅडम, दोन. खोटं बोलणाऱ्याला आपण काय काय बोललो ते आठवत नसतं, म्हणून तो पुढ्यात येईल त्याला हो म्हणतो. टेम्पो खाडीत गेलाच नव्हता. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगायचे, आणि ती ऐकणाऱ्यांत सगळ्यात दर्दी भाई. टेम्पोवाल्याचा चेहरा कसा पडला हे मी करून दाखवलं की ते डोळे पुसत हसायचे आणि म्हणायचे, वहिनी, परत एकदा.

त्या रविवारी काम लवकर आटपलं आणि दोघं वर आले. मी कांदाभजी केली होती. भाईंना दुसरी वाढ देता देता मी म्हटलं, "तुम्ही मागं म्हणालात ना भाई, की शेडमध्ये घोट्याइतकं पाणी आलं होतं, तेव्हा गाडी तिथंच होती का?"

भाईंनी भजी परत बशीत ठेवली. नवऱ्यानं मान वर केली नाही.

"हे मी कधी म्हणालो नाही, वहिनी," ते म्हणाले.

"असं? मला वाटलं."

"त्या टेम्पोवाल्यालाही तुम्ही असंच विचारलं होतंत."

आवाज चढवला नाही की काही नाही. उरलेली भजी खाल्ली, चहा संपवला, चांगली झाली होती म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. लिफ्ट चालू होती. नवरा त्यांच्या मागोमाग खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

पुढच्या रविवारी भाई आले नाहीत. फोन आला, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी नेऱ्याला काम निघालं. नंतर फोनही येईना. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बघा, उघडं पडलं म्हणून येत नाहीत. काही नसतं तर भांडले असते." मला ते पटलेलंही होतं. अंगाला काही चिकटलेलं नसलेला माणूस ओरडतो, तक्रार करतो, वरिष्ठांना भेटतो. गप्प बसतो तो दोषी, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत धरलेलं आणि बहुतेक वेळा बरोबर निघालेलं.

नवऱ्यानं माझ्याशी भांडण काढलं नाही. तो रविवारी नेहमीच्या वेळी खाली जायचा, पुठ्ठा अंथरायचा, आणि गाडीखाली न शिरता गाडीत बसून राहायचा. काचा वर, टप बंद. मी एकदा वरून हाक मारली तर ऐकू गेलं नाही, म्हणून खाली गेले. तो स्टीअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होता. शेजारच्या सीटवर स्क्रू ड्रायव्हर आणि दोन पेपर कप. दुसरा कप त्यानं सवयीनं आणला असणार. मी टकटक केली तेव्हा त्यानं काच थोडी खाली केली.

"तुम्ही जा ना त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं? तो विचारेल, तुलाही तसंच वाटतं का. मी काय सांगू? मी तिथंच बसलो होतो, एक शब्द बोललो नाही." मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "मला दुसरा कोणी नाही गं."

मला फार वाईट वाटलं. पण मी चुकले असं तेव्हाही वाटलं नाही. वास येत होता, बोल्ट गंजले होते, मग मी काय नाक कापून ठेवू?

होळीच्या सुमारास टपाचं फाटकं कापड पार गेलं. नवीन शिवून घ्यायला हवं होतं. असल्या गाडीचा टप शिवणारा पनवेलात कोण असणार? शेवटी गोवा हायवेला रिक्षांचे टप आणि सीटकव्हरं शिवणारा एक कारागीर तयार झाला. नवऱ्याला गाडीत रस उरला नव्हता, पण मीच त्याला पुढं घातलं. म्हटलं, चला, मी येते, तो कापड कोणतं लावतो ते मला बघायचंय. दिवसभर गाडी तिथं सोडून यायला मी तयार नव्हते. पार्ट बदलायला किती वेळ लागतो?

कारागिरानं जुनं कापड खिळे उपसून सोलून काढलं. टपाखाली सीटच्या मागून एक पन्हळ जाते, दोन्ही टोकांना भोक आणि तिथून खाली रबरी नळी. टपावरून ओघळलेलं पाणी त्या नळीतून गाडीखाली जायला हवं. त्यानं भोकात बोट घातलं आणि नाक मुरडलं.

"ताई, उंदीर लागलाय तुमच्या गाडीला. बगा, कसं धान्य भरून ठेवलंय."

त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं उकरून एक काळा लगदा बाहेर काढला आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला. आंबट, कुजका वास. तोच वास. मग दुसऱ्या बाजूनं तसाच. नळीत तार घातली, बाटलीभर पाणी ओतलं, तेव्हा इतके महिने गाडीत तुंबणारं पाणी मुकाट्यानं खाली रस्त्यावर गेलं.

"दुकानाच्या मागं पन लय उंदीर हायत," तो म्हणाला आणि माप घ्यायला लागला.

नवऱ्यानं वर्तमानपत्र उचललं. बोटानं लगदा पसरला. फुगून दुप्पट झालेले तांदूळ, मधूनच फिकट गुलाबी, आणि कुजून दोऱ्यासारख्या झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. त्यानं ते माझ्यापुढं धरलं.

उंदीरच, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. कारागीर साक्षीला होताच. पण उंदरानं तांदळाला कुंकू लावलं आणि वर झेंडू वाहिला, हे मी कुठल्या क्लेममध्ये पास केलं असतं? आमच्याच ताटातले तांदूळ होते. पाणी मीच अडवलं होतं आणि त्याचा जाब भाईंना विचारला होता. त्या बोल्टांचं मला आजही पूर्ण पटत नाही, इतक्या थोड्या महिन्यांत इतका गंज धरत नसतो. पण त्या दिवशी ते बोलायची माझी छाती झाली नाही.

त्याच संध्याकाळी मी एकटी भाईंकडे गेले. भाभींनी दार उघडलं. या, या म्हणाल्या, पण हात धरून आत नेलं नाही, एरवी नेतात. भाई पलंगावर गुडघ्याला शेक घेत बसले होते. म्हणजे गुडघा खरंच दुखत होता.

मी खुर्चीच्या कडेवर बसून सांगून टाकलं. "भाई, गाडी बुडालेली नव्हती. पूजेच्या अक्षता नळीत अडकल्या होत्या, त्यानं पाणी तुंबलं. मला वाटलं, तुम्ही आम्हाला फसवलंत. माझं चुकलं. पण माझा राग यांच्यावर काढू नका, यांना काही वाटलं नव्हतं. ते तिकडं गाडीत एकटे बसून असतात."

भाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. मग हसले.

"तांदूळ तर मीपण टाकले होते, वहिनी. तुम्हीच दिले होतेत. म्हणजे अर्धं पाणी माझं."

मी रडणाऱ्यातली नाही, पण तिथं मला रडू आलं. भाभींनी पाणी आणलं, शेवयांची खीर खायला लावली. निघताना भाई म्हणाले, "त्याला सांग, रविवारी येतो. त्यानं टप कसा शिवून घेतलाय ते बघायचंय." मला ते अहो-जाहो करतात, पण त्या क्षणी विसरले, आणि मला ते फार बरं वाटलं.

भाई आले. नवा काळा टप दोघांनी चार वेळा उघडला आणि चार वेळा मिटला. मग नवऱ्यानं सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढली, शेजारी भाई. दोघं कर्नाळ्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्यांना सीटमधून ओढून काढायला वॉचमनला बोलावलं, आणि तिघांचंही हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं. मला वाटलं, सुटलो बाई. काही बिघडलं नाही.

फक्त एक होतं. भाई माझ्याशी बोलताना मोजून बोलायला लागले होते. कुठली गोष्ट सांगितली की पुढं जोडायचे, "म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे." एकदा उशीर झाला तर न विचारता पेट्रोल पंपाची पावती दाखवली. टेम्पोवाल्याची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. मी नवऱ्याला म्हटलं, भाई बदललेत. तो म्हणाला, तुला सगळीकडे काहीतरी दिसतंच. असेलही. माझ्या या स्वभावावर आता माझाच भरवसा उरला नव्हता.

मे महिन्यात भाईंच्या नेऱ्याच्या वाडीतले आंबे उतरले. दरवर्षी त्यांचा माणूस पेटी आमच्या दारात टाकून बेल वाजवून जातो. पेटी येते, आम्ही खातो. मोजत नाही, बघत नाही. यंदा भाई स्वतः आले. लिफ्टनं वर आले, पेटी डायनिंग टेबलावर ठेवली, दोरी सोडली, गवत बाजूला केलं.

"सुरी देता का, वहिनी?"

मी दिली. त्यांनी वरचा एक आंबा उचलला, माझ्यासमोर कापला, दोन्ही फोडी उघडून बशीत ठेवल्या. स्वच्छ, केशरी.

"आता तळातला एक तुम्ही काढा. तुमच्या हातानं. मी काढला तर बरं नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मस्करी असेल तर हसायला मी तयार होते. पण त्यात मस्करी नव्हती आणि रागही नव्हता. क्लेमच्या खिडकीसमोर उभा राहणारा शहाणा माणूस कागद पुढं करतो, तितक्याच निमूटपणे ते उभे होते. नवरा टेबलापाशी येऊन थांबला. मी म्हणायला हवं होतं की भाई, हे काय करताय, ठेवा ती सुरी. ते शब्द मला सुचले कितीतरी नंतर. तेव्हा माझा हात पेटीत गेला. सगळ्यात खालच्या थरातून, कोपऱ्यातला, मी एक आंबा काढून दिला.

त्यांनी तो कापला. तोही तसाच निघाला. त्यांनी फोड माझ्यापुढं धरली आणि माझ्या उत्तराची वाट बघत ते उभे राहिले.

"ठीक आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी पेटी आमच्याकडे सरकवली.